आमची वाटचाल : फीत, काच आणि चार स्क्रू

1996 साली नागपूरच्या सदरमध्ये दहा बाय बाराच्या गाळ्यात फ्रेमचं दुकान टाकलं, तेव्हा धंदा म्हणजे गणपती, ताजुद्दीन बाबा, डिग्र्या, आणि अशोक विजयादशमीच्या आठवड्यात बाबासाहेबांच्या तसबिरी. कामठी छावणी जवळ, फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र तिथंच, त्यामुळे फौजी गिऱ्हाईक होतंच; कारगिलनंतर मेडल काचेमागे लावायच्या पेट्यांचं काम वाढलं. पुढची दहा-अकरा वर्षं बरी गेली.

मेडलचं काम दिसतं सोपं. फीत 32 मिलिमीटर रुंद, म्हणजे चार मेडलची पट्टी 128. कोर्ट माउंटिंगला, म्हणजे मेडल मोकळं न लटकवता मागच्या फितीवर टेकवून बसवायला, आम्ही प्रत्येकी 25 सेंटिमीटर फीत कापतो, कारण ती मेडलच्या मागून खाली जाऊन वर दुमडते. क्रम चुकला तर माजी सैनिक दुकानातच आवाज चढवतो, आणि बरोबर करतो. 1971 च्या लढाईतल्या माणसाचं 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचं, ताऱ्याच्या आकाराचं) आधी, मग त्याच लढाईचं संग्राम मेडल, मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, शेवटी नऊ वर्षं सेवेचं. मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. गरम गोंदाने कधी चिकटवू नये. आपल्याकडच्या मे महिन्यात गोंद मऊ पडतो आणि सकाळी मेडल पेटीच्या तळाशी सापडतं. आम्ही मेणदोऱ्याने शिवतो.

आता 2011 चं सांगतो. धूळ जाऊ नये म्हणून आम्ही काचेच्या कडेला सिलिकॉन भरायला लागलो. स्वस्तातली ट्यूब, उघडली की व्हिनेगरसारखा वास. तो वासच मेडलला खातो, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. बंद पेटीत आम्लाची वाफ कोंडली आणि दोन महिन्यांत स्टारवर हिरवा कळंक चढला, आजीच्या बिनकल्हईच्या पातेल्यावर चढायचा तस्सा. 26 जानेवारीच्या तोंडावर बावीस पेट्या परत आल्या. सगळ्या आमच्या खर्चाने उघडल्या, पैसे परत केले. तिथवर चूक आमची.

पण शेजारच्या गल्लीत एका नव्या दुकानदाराने तेच धरून उठवलं की आम्ही असली मेडल काढून नकली बसवतो, म्हणून ती हिरवी पडतात. चूक पचवता येते, हे नाही पचत. तीन महिने गल्ल्यात चहाचे पैसे निघत नव्हते. आजही तो माणूस समोरून आला की आम्ही रस्ता बदलत नाही, त्याने बदलावा.

दुकान टिकलं ते हवालदार काकांमुळे. 1971 च्या लढाईत ते जंगी पलटणीबरोबर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनबरोबर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. निवृत्तीनंतर तीन मुलींची शिक्षणं, पक्षाघात झालेल्या बायकोचं सगळं स्वतःच्या हाताने. त्यांच्या पेटीत मधोमध वर्दीतला फोटो नव्हता, काकूंचं निळं आंतर्देशीय पत्र होतं, 99 एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या पत्त्यावर गेलेलं. (शाई उडते. काचेमागे प्रत लावा, मूळ पत्र कपाटात.) अफवा ऐकून ते आठ-दहा माजी सैनिकांना घेऊन दुकानात आले, स्वतःची पेटी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "खोल बापू, सगळ्यांसमोर खोल."

खोलली. संग्राम मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, स्टारला तेच पाठीवर. काकांनी भिंगही मागितलं नाही. मेडल बाजूला उभ्या, नायक हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या हातात देऊन आपला नंबर तोंडपाठ म्हटला, आणि नायक अंगठा सरकवत एकेक आकडा जुळवत गेला. "आता सांगा बा, कोणतं नकली हाय?" कोणी बोललं नाही. त्याच दिवशी सहा पेट्यांची ऑर्डर मिळाली.

म्हणून घरात मेडल असतील त्यांनी ऐका. पितळ चकाकवायच्या पॉलिशने घासू नका. त्यात बारीक खरखरीत भुकटी असते, दहा-बारा दिवाळ्यांत कडेवरचं नाव जातं, आणि नाव गेलं की बाजारातलं मेडल आणि बापाचं मेडल यात फरक उरत नाही. कोरडं सुती फडकं पुरे. पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, फितीचा रंग उडतो. हरवलं तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, दुकानदाराकडे "तसंच एक" मागू नका. आम्ही देत नाही.

सिलिकॉन तेव्हाच बंद केलं. आता काचेला कापडी पट्टी, आत सुती मखमल, आणि मागची फळी खिळ्यांऐवजी चार पितळी स्क्रूंवर. हवालदार काका गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. दर 16 डिसेंबरच्या, म्हणजे 1971 च्या विजय दिवसाच्या आधी त्यांचा नातू पेटी घेऊन येतो, मेडल काढून नेतो आणि उजव्या छातीवर लावतो, कारण डावी बाजू ज्याने कमावलं त्याची. परत बसवताना क्रम चुकू नये म्हणून फळीवर आतून पेन्सिलने 1 ते 4 लिहून ठेवलंय.