शॉर्टकटवाला पेन ड्राइव्ह : अखेर छडा लागला

मागील नोंदीत ज्या पेन ड्राइव्हपुढे मी हात टेकले होते, त्याचे कोडे रविवारी रात्री सुटले. खडेबाजारातील एका डीटीपीच्या दुकानातून आलेला तोच हा ड्राइव्ह. लग्नपत्रिकांच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधील मराठी फाइली आणि अर्जविनंत्यांच्या नुडी या सॉफ्टवेअरमधील कन्नड फाइली शेजारी शेजारी, आणि प्रत्येक फोल्डरच्या जागी एकेक शॉर्टकट. "शॉर्टकट व्हायरस आलाय सर, फॉरमॅट तेवढं मारू नका, लग्नाचा सीझन आहे की," असे मालकांनी देतानाच बजावले होते.

फाइली पहिल्याच दिवशी परत मिळाल्या. मूळ फोल्डर जागेवरच होते, त्यांना हिडन आणि सिस्टिम असे दोन गुणधर्म चिकटवलेले होते, आणि ते फाइलींचे गुणधर्म बदलणाऱ्या अॅट्रिबच्या एका आज्ञेने निघाले. खरा छळ पुढे सुरू झाला. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या आभासी संगणकात) शॉर्टकट पुसावेत, आणि पाच-सहा सेकंदांत ते पुन्हा हजर व्हावेत. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या ऑटोरन्समध्ये रन-कीची (विंडोज सुरू होताच प्रोग्रॅम चालवणाऱ्या रजिस्ट्रीतील जागेची) नोंद सापडली, ती काढली. रिफ्रेश केले तर नोंद परत. स्टार्टअप फोल्डरमधील प्रत काढली, तीही परत. चार संध्याकाळी मी स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या जतन केलेल्या जुन्या स्थितीवर, मागे जात राहिलो आणि कुठेतरी रूटकिट (स्वतःला लपवणारा प्रोग्रॅम) दडले आहे, अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

रूटकिट वगैरे काहीच नव्हते. चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये कमांड लाइनचा रकाना उघडला, तेव्हा डब्ल्यूस्क्रिप्टच्या पुढे टेम्प फोल्डरमधील एका व्हीबीएस (स्क्रिप्टच्या) फाइलचा पत्ता दिसला. डब्ल्यूस्क्रिप्ट हा स्क्रिप्ट चालवणारा, विंडोजचाच, मायक्रोसॉफ्टची सही असलेला प्रोग्रॅम असल्यामुळे मी चारही दिवस त्याच्यावरून नजर पुढे नेत होतो. तो चालू असेपर्यंत बाकीची साफसफाई म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचा प्रकार होता. आधी ती प्रोसेस बंद केली, मग रन-की, मग स्टार्टअप, आणि सर्वांत शेवटी पेन ड्राइव्ह. वीस मिनिटे पडद्याकडे पाहत बसलो; एकही शॉर्टकट उगवला नाही. (ऑटोरन्स आणि प्रोसेस एक्सप्लोरर ही दोन्ही साधने फुकट आहेत, आणि माझ्या मते पैसे मोजून घेतलेल्या अनेक 'क्लीनर'पेक्षा सरस आहेत.)

नंतर लिनक्सवर ती स्क्रिप्ट टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आत आकड्यांची लांबलचक रांग आणि तिच्या शेवटी 'एक्झिक्यूट' हा एकच शब्द. त्या शब्दाच्या जागी मजकूर नुसता छापण्याची आज्ञा घातली, तेव्हा दोन आवरणांच्या आतला मजकूर वाचता आला. दर 5000 मिलिसेकंदांनी स्वतःच्या प्रती आणि रन-कीची नोंद पुन्हा लिहिणे, जोडलेल्या ड्राइव्हवर जाणे, आणि बाहेरच्या एका पत्त्याकडे हुकूम मागणे, एवढाच तिचा दिनक्रम. शॉर्टकटवर क्लिक केले की आधी स्क्रिप्ट चालते आणि पाठोपाठ खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे दुकानात कोणालाही संशय आला नाही.

आता हिला उपद्रवी प्रोग्रॅमांच्या माझ्या वहीत कोणत्या नावाखाली लिहावे? 1986 सालचा 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरला (संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या भागाला) धरून राहत असे. तसा आश्रय ही स्क्रिप्ट घेत नाही, म्हणून ती काटेकोर अर्थाने व्हायरस नव्हे. स्वतःच प्रती काढते, म्हणून वर्म म्हणावे, तर नोव्हेंबर 1988 मधील मॉरिस वर्मला कोणी क्लिक करण्याची गरज नव्हती आणि हिला ती आहे. फोल्डरचे सोंग घेते, म्हणून ट्रोजन. हुकूम मागते, म्हणून बॅकडोअर. दोन अँटिव्हायरसांनी तिला दोन वेगळ्या प्रकारांत टाकले, आणि दोघांचेही चुकले असे मला म्हणवत नाही.

चूक माझ्या 'प्रकार' या एकुलत्या रकान्यात होती. म्हणून तो मोडून तीन केले : पसरतो कसा, शिरतो कसा, आत आल्यावर करतो काय. मे 2017 मधील वॉनाक्राय त्यात नीट बसला. पसरण्यात वर्म, कामात रॅन्समवेअर (फाइली कोंडून खंडणी मागणारा). 1989 मध्ये टपालाने आलेली एड्स फ्लॉपी शिरण्यात ट्रोजन आणि कामात खंडणीखोर ठरली. मात्र हे लिहिता लिहिता लक्षात येते आहे की रूटकिट तिन्हींपैकी कुठेच बसत नाही, कारण ते लपण्याचे तंत्र आहे. तेव्हा 'लपतो कसा' हा चौथा रकाना आजच आखतो. हिडन गुणधर्मांची नोंदही तिथेच जाईल.

कॅस्केड या जुन्या व्हायरसची पडद्यावरून गळणारी अक्षरे डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पाडून पाहण्याचा बेत त्यामुळे पुढे ढकलला आहे. दुकानातील संगणक अजून तसाच आहे आणि तिथे साधने न्यायची कशात, हा प्रश्न आहे. लिखाण रोखणारी लॉकची पट्टी असलेले एसडी कार्ड घेतले होते, पण ती पट्टी मानायची की नाही हे कार्ड वाचणारे यंत्र ठरवते, हे पैसे दिल्यावर कळले. शेवटी कपाटातील जुन्या सीडी-आर बाहेर काढल्या. एकदा लिहून बंद केली की तिच्यावर कोणाला काही चढवता येत नाही. परवा दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा मालकांना एकही पेन ड्राइव्ह लावू न देता कामाला बसेन.