नलरबॉर ओलांडताना : ॲडलेड ते पर्थ, तंबूसह

नोकरीच्या निमित्ताने ॲडलेडहून पर्थला बिऱ्हाड हलवायचे ठरले, तेव्हा गाडी मालट्रकवर चढवून आम्ही दोघांनी विमानाने जावे, असा सल्ला बहुतेकांनी दिला. सरळ रस्त्याने गेले तरी हे अंतर सुमारे २,७०० किलोमीटर भरते आणि त्यातला पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन हा आयर महामार्गाचा टप्पा जवळजवळ निर्मनुष्य आहे. तरीही ऑगस्टच्या अखेरीस आम्ही तंबू, शेगडी आणि पाण्याचे कॅन घेऊन निघालो, कारण तो काळ देवमाशांचा असतो आणि उन्हाळ्यातली भाजून काढणारी उष्णता अजून दूर असते. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : पेट्रोल संपले तर? प्रत्यक्षात या महामार्गावर दोन पंपांमधले सर्वांत मोठे अंतरही दोनशे किलोमीटरच्या आतच आहे. दर शहरापेक्षा बरेच चढे असतात, पण पेट्रोल मिळते. खरा हिशेब करावा लागतो तो पाण्याचा आणि दिवसाच्या उजेडाचा.

नलरबॉर हे सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर पसरलेले चुनखडीचे पठार आहे. पडलेला थोडाफार पाऊस खडकाच्या भेगांतून थेट खाली जिरतो, त्यामुळे वर नदी नाही, ओढा नाही. रोडहाउसवर (महामार्गावरचा पंप, खाणावळ आणि मुक्कामाची जागा) आंघोळीला पैसे मोजावे लागतात आणि पिण्याचे पाणी आपले आपण आणलेले असावे अशीच अपेक्षा असते. एडवर्ड जॉन आयर हा शोधप्रवासी १८४१ मध्ये याच किनाऱ्याने पश्चिमेकडे गेला, तेव्हा पहाटे झुडपांवरचे दव स्पंजने टिपून त्याने तहान भागवली होती. सोबतच्या बॅक्स्टरचा वाटेत खून झाला आणि पुढे आयर व वायली हा आदिवासी तरुण असे दोघेच उरले. हे वाचून निघालेल्या माणसाला पाण्याचा एखादा कॅन जास्त घेतल्याचे ओझे वाटत नाही.

सेडूनापर्यंतचा प्रवास गव्हाच्या शेतांमधून होतो आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. त्यापुढे वस्ती विरळ होत जाते. हेड ऑफ बाइट येथे कड्यावरच्या लाकडी मार्गिकेवरून खाली पाहिले, तर सदर्न राइट जातीच्या देवमाशांच्या माद्या पिल्लांना घेऊन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पडून असतात. आम्ही उभे होतो त्याच्या अगदी खाली एक मादी पाठीवर उलटली, तिचे दोन्ही पर वर आले, आणि पिल्लू तिच्या पोटावरून घसरत पलीकडे गेले. डोक्यावरचे पांढरट खडबडीत चट्टे दुर्बिणीशिवाय दिसत होते. तासभर थांबायचे ठरवून गेलो होतो, पण दुपार तिथेच गेली. त्यानंतर लागणारे बंडा कडे भव्य आहेतच, परंतु काठाखालची चुनखडी पोखरलेली असल्यामुळे छायाचित्रासाठी कडेला जाण्याचा मोह आवरावा.

नलरबॉर रोडहाउसच्या आवारात तंबू ठोकताना पठार म्हणजे काय ते कळते. दोन बोटे माती आणि तिच्याखाली दगड. तंबूसोबत मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या मेखा पहिल्याच घावात वाकतात. लोखंडी मेखा आणि चांगला जड हातोडा असेल तरच वाऱ्यापुढे निभाव लागतो. त्या भागात डिंगो (रानकुत्रे) फिरतात, म्हणून अन्न आणि चपला-बूट रात्री गाडीत ठेवावेत. थंडी कडाक्याची असते. आम्ही शहरातून नेलेल्या स्लीपिंग बॅगांवर आईने शिवलेली गोधडी घातली आणि तीच अधिक उपयोगी पडली.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर प्रत्येक गाडीची तपासणी होते. ताजी फळे, भाज्या आणि मध पुढे नेता येत नाही, कारण किडी व रोग राज्यात शिरू नयेत यासाठी तिथले नियम कडक आहेत. मराठी स्वयंपाकघराच्या दृष्टीने याचा अर्थ कांदा, बटाटा, लसूण, मिरची, कोथिंबीर, लिंबू हे सगळेच गेले. मात्र शिजवलेले अन्न चालते. म्हणून आदल्या संध्याकाळी उरलेले सगळे बटाटे आणि कांदे एकाच पातेल्यात परतून भाजी करून ठेवली, लसूण तेलात कुरकुरीत तळून घेतला आणि लिंबे पिळून संपवली. तपासनिसाने आइसबॉक्स उघडून डबे पाहिले, भाजीचा वास आवडल्याचे सांगितले आणि जाऊ दिले. पुढचे दोन-तीन मुक्काम बंद पाकिटातले पोहे, शेंगदाणे आणि मेतकूट यांवर सहज निभावले.

आता उजेडाविषयी. सांगलीला आईला रोज संध्याकाळी फोन करायचा शिरस्ता होता आणि मोबाइलला रेंज रोडहाउसच्या आसपासच असल्यामुळे कुठून फोन येईल याची यादी तिला आधीच पाठवली होती. ॲडलेडशी भारताचा फरक चार तासांचा. सीमेलगतच्या युक्लाच्या परिसरात मात्र दोन्ही राज्यांच्या मधोमध बसणारी स्वतःची वेळ पाळली जाते, तिथे तो सव्वातीन तासांचा होतो. आणि पुढे पर्थच्या वेळेला अडीच तास. आईने यादी फ्रिजवर लावून कंसात आपली वेळ लिहून ठेवली होती. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे केले की दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो, पण तो भास असतो : सेडूनाला सव्वासहाच्या सुमारास मावळणारा सूर्य बॅलाडोनियाकडे साडेपाचच्या आतच मावळतो, आणि कांगारू रस्त्यावर येतात ते संधिप्रकाशात, घड्याळ पाहून नव्हे. त्यामुळे चार वाजता जिथे असू तिथे मुक्कामाची जागा शोधायची, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. दिवसा त्रास होतो तो रोड ट्रेनचा. दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या या ट्रकांना ओलांडण्यापूर्वी यूएचएफ रेडिओवर चॅनेल ४० लावून चालकाला विचारलेले बरे. समोरचा रस्ता त्याला आपल्यापेक्षा कितीतरी लांबवर दिसतो आणि बहुतेक जण आपुलकीने उत्तर देतात.

केगुना ते बॅलाडोनिया यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. कंटाळा येईल असे वाटले होते, तो आलाही. बॅलाडोनियाच्या छोट्या संग्रहालयात १९७९ मध्ये या भागात कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाचे अवशेष आहेत. एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने तेव्हा कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड आकारला होता, हे वाचून कंटाळा पळाला.

नॉर्समनहून थेट पर्थ न गाठता आम्ही दक्षिणेला दोनशे किलोमीटरवरच्या एस्परन्सकडे वळलो, कारण केप ल ग्रांड राष्ट्रीय उद्यानातील लकी बे येथील तंबूची जागा आधीच आरक्षित केली होती. तिथल्या जागा मोजक्याच आहेत, तेव्हा प्रवासाच्या तारखा या आरक्षणाभोवती बांधाव्यात, उलट करू नये. वाळू मैद्यासारखी पांढरी आणि पायाखाली करकरणारी. किनाऱ्यावर वाहून आलेले शेवाळ चघळत कांगारू बसलेले असतात, त्यांना खाऊ घालू नये. याच उद्यानातल्या रॉसिटर बे येथे आयर आणि वायलीला एका देवमासे पकडणाऱ्या फ्रेंच जहाजाने आसरा दिला होता. तिथून पर्थपर्यंतचे सातशे किलोमीटर कॅनोलाच्या पिवळ्याधमक शेतांमधून जातात. एका दिवसात ते जमण्यासारखे आहेत, पण उजेडाचा नियम इथेही लागू होता म्हणून आम्ही मध्ये हायडनला तंबू ठोकला. माती तिथे मऊ निघाली, हातोडा गाडीतून काढावाही लागला नाही.