फोटोसोबत जाणारा पत्ता

फोटो कोणाला पाठवताना आपण त्यात काय दिसते एवढेच तपासतो. मुलांचे चेहरे आले आहेत का, मागे गाडीचा नंबर दिसतो का, एवढी खबरदारी आता बरेच जण घेतात. पण चित्रात न दिसणारा मजकूर त्याच फाईलमध्ये असतो आणि तो पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

कॅमेरा फोटोच्या फाईलमध्ये आपोआप लिहितो त्या या नोंदींना एक्झिफ म्हणतात. हे मानक जपानमध्ये १९९५ साली तयार झाले. शटरचा वेग किती होता, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र किती होते, हे फोटोसोबतच नोंदले जावे हा त्यामागचा हेतू चांगलाच होता आणि छायाचित्रण शिकणाऱ्याला त्या नोंदी आजही उपयोगी पडतात. पुढे कॅमेरा आणि जीपीएस एकाच फोनमध्ये आले आणि त्याच नोंदींमध्ये ठिकाणही लिहिले जाऊ लागले.

घरातले जुने लाकडी कपाट विकायचे म्हणून काढलेल्या एका फोटोच्या नोंदी मी अलीकडेच संगणकावर उघडून पाहिल्या. चित्रात कपाट आणि मागची भिंत, एवढेच. नोंदींमध्ये मात्र फोनचे मॉडेल, सेकंदापर्यंतची वेळ, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अक्षांश-रेखांश होते. अक्षांशात दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावरचा अंक एकाने बदलला तर जमिनीवर सुमारे ११ मीटरचा फरक पडतो. ते आकडे नकाशात टाकल्यावर आमची इमारत समोर आली. असा फोटो अनोळखी ग्राहकाला ईमेलने पाठवणे म्हणजे न विचारता घरचा पत्ता देणेच होय.

या नोंदींमुळे काय घडू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१२ सालचे आहे. अँटिव्हायरस सॉफ्टवेअरमुळे प्रसिद्ध झालेले जॉन मॅकॅफी यांना शेजाऱ्याच्या खुनाबाबत मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशाचे पोलीस चौकशीसाठी शोधत होते आणि ते लपून फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या ‘व्हाइस’ या नियतकालिकाच्या पत्रकारांनी डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध केला. आयफोनवर काढलेल्या त्या फोटोतले अक्षांश-रेखांश काढून टाकायचे राहून गेले होते. वाचकांनी ते वाचले आणि मॅकॅफी शेजारच्या ग्वाटेमाला या देशातल्या रिओ दुल्से परिसरात असल्याचे उघड झाले. काही दिवसांतच देशात बेकायदा प्रवेश केल्याच्या कारणावरून ग्वाटेमालात त्यांना अटक झाली. रोज बातम्या देणाऱ्या व्यावसायिकांच्या हातून जे निसटले, ते घरगुती वापर करणाऱ्याच्या लक्षात यावे ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर ही माहिती आपोआप निघून जाते’ असे अनेकदा सांगितले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. नेहमीसारखा फोटो पाठवला तर त्या नोंदी निघून जातात. पण फोटोचा दर्जा उतरू नये म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी, ठिकाणासकट पोहोचते. लग्नाचे, बारशाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर याच पद्धतीने फिरतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम फोटो इतरांना दाखवताना या नोंदी काढून टाकतात, परंतु आपण चढवलेली मूळ फाईल त्या कंपनीच्या हाती आधीच पोहोचलेली असते, हे विसरता कामा नये.

फोटो काढणारा एक आणि घर दुसऱ्याचे, असेही होते. पाहुण्याने आपल्या घरात काढलेल्या फोटोत आपल्याच घराचे ठिकाण नोंदले जाते आणि त्याबाबत आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणूनच ठिकाणाची नोंद मुळात बंद असावी आणि ज्याला ती हवी असेल त्याने ती सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

तोवर अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ठिकाणाची नोंद बंद करता येते. आयफोनवर फोटो पाठवताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ठिकाण वगळता येते. विंडोजमध्ये फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची सोय आहे, आणि आधीच काढून ठेवलेल्या फोटोंसाठी हीच सोय कामी येते, कारण कॅमेऱ्याचे सेटिंग आज बदलले तरी त्या फाईलींमधले आकडे पुसले जात नाहीत.