शनिवारच्या लोकसंगीताच्या मैफिलीची आज तालीम झाली

पुण्यातल्या पावसाळी हवेत चामड्याची वाद्यं सुरातून उतरणारच. आज गायिकेची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार होती, ढोलकीची शाई (काळा लेप असलेलं पान) मात्र दर दोन लावण्यांनंतर खाली यायची. दोरीतल्या कड्या सरकवून ती लगेच चढते, पण एकाच बाजूने ओढली की पान वाकडं बोलतं. समोरासमोरच्या कड्या थोड्या थोड्या सरकवायच्या आणि प्रत्येक वेळी कडेवर बोट मारून ऐकायचं.

हलगीला शेक लागतोच. बंद सभागृहात जाळ करता येत नाही, म्हणून हॅलोजनच्या दिव्यासमोर फूटभर अंतरावर ती फिरवत राहायची. एका जागी धरली तर चामडं तडकतं.

खरी अडचण तुणतुण्याची. एकच तार, त्यात शेजारी संबळ, गोंधळातला जोडनगारा, कडाडतोय! साउंडवाले झीलकऱ्यांना, म्हणजे शाहिरामागे सूर धरणाऱ्या साथीदारांना, मागच्या कोपऱ्यात उभं करतात आणि पोवाड्यातली 'जी जी रं जी' हवेत विरून जाते. झीलकरी शाहिरांच्या पाठीशी, हातभर अंतरावरच हवेत. तुणतुण्याला वेगळा माइक, लाकडी नळकांड्याच्या तोंडापासून वीतभर. संबळाला जवळचा माइक देऊच नका, तो आपला आवाज स्वतः पोचवतो.

शनिवारी गण (सुरुवातीचं गणेशस्तवन), दोन लावण्या, पोवाडा आणि शेवटी गोंधळ. गोंधळात देवतांचं आवाहन घाईने उरकू नये असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून त्याला पूर्ण पंधरा मिनिटं ठेवली आहेत. पुढे बसणाऱ्यांनी संबळाच्या बाजूची खुर्ची लहान मुलांना देऊ नये, कानाला त्रास होतो.