तुम्ही विचारलंत म्हणून: सॉल्सबरीची सात्रे हिल

'जेमतेम चार हजार वस्तीच्या गावात स्की जंपिंगची टेकडी कशी काय?' अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या सॉल्सबरीचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. (स्की जंपिंग म्हणजे स्की घालून बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन हवेत लांब झेप घ्यायचा खेळ.) न्यू यॉर्कच्या मराठी मंडळींना तर हमखास पडतो, कारण गाव गाडीने दोन-अडीच तासांवर आणि आजूबाजूला आल्प्ससारखे मोठे डोंगर नाहीत.

त्याचं मूळ नॉर्वेत आहे. टेकडीला ज्यांचं नाव आहे ते तिथले सात्रे बंधू इथे येऊन राहिले. १९२६ च्या हिवाळ्यात त्यांच्यातल्या जॉनने एका शेडच्या बर्फाळलेल्या छपरावरून स्की घालून उडी मारून दाखवली. जमलेल्यांना ती इतकी आवडली की १९२७ मध्ये टेकडी तयार करून स्पर्धाही भरली. रॉय शेरवूड इथलाच, १९५६ च्या कोर्टिना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून उतरलेला. आज टेकडीचा कारभार सॉल्सबरी विंटर स्पोर्ट्स असोसिएशन पाहते आणि बहुतेक राबणूक स्वयंसेवकांची असते.

मुख्य टेकडी के-६५. खेळाडू वरून ज्या वाटेने घसरत येतो त्या घसरणीचं शेवटचं टोक म्हणजे टेबल. त्याच्या कडेपासून उताराच्या अंगाने मोजलेल्या ६५ मीटरवर के-पॉइंट, म्हणजे अंतराचे गुण ठरवायची खूण. तिथवर उतरलात की अंतराचे ६० गुण, पुढे-मागे दर मीटरला २.४ गुण जास्त किंवा कमी. शैलीचे गुण वेगळे: पाच परीक्षक, प्रत्येकी २०, त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळायचा.

टेबल वर उचललेलं असतं असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते दहा-अकरा अंश खालीच झुकलेलं असतं. उसळी खेळाडूने स्वतःच्या पायांनी घ्यायची. पुढचा उतारही साधारण त्याच्या उड्डाणाच्या वाटेनेच खाली जातो, त्यामुळे खेळाडू जमिनीपासून फार तर काही मीटर उंच असतो आणि उतरताना धक्का कमी बसतो. हाडं मोडतात ती के-पॉइंटच्या बरंच पुढे, जिथे उतार सपाट होऊ लागतो. म्हणून वारा समोरून आला किंवा बर्फ वेगवान झाला, म्हणजे उडी फार लांबण्याची भीती असली, की खेळाडू ज्यावर बसून सुरुवात करतो तो बार खालच्या पायरीवर आणतात, म्हणजे वेग कमी होतो. तो हलवायला आळस करणारा पंच मला तरी परवडणार नाही.

खरी डोकेदुखी बर्फाची. इथला फेब्रुवारी भरवशाचा नाही. कोरड्या हवेची, शून्याच्या बऱ्याच खाली गेलेली रात्र मिळाली तर मशीनने बर्फ करून ढीग लावायचे, मग ते उतारावर पसरायचे. साधारण पस्तीस अंशांच्या उतारावर भुसभुशीत बर्फ टिकत नाही. स्की आडव्या घालून पाऊलपाऊल दाबत जावं लागतं. घसरणीवर दोन स्कींसाठी दोन खाचा कापायच्या. ऊन लागून एक खाच ढासळली की एक स्की अडकते, दुसरी पुढे जाते आणि खेळाडू टेबलावरून वाकडा सुटतो.

वरचा थर मऊ पडला तर मीठ. विरघळताना ते आसपासची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे ओलसर बर्फ पुन्हा कडक होतो. मात्र बर्फात ओल नसेल तर काम होत नाही आणि हात सढळ झाला तर काही तासांत चिखल. ढगाळ दिवशी पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, म्हणून कडेला सूचिपर्णी झाडांच्या फांद्या खोचतात. हवेतल्या माणसाला जमीन किती जवळ आली ते त्यावरून कळतं.

१९८० नंतर अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेतून स्की जंपिंग गेलं आणि न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी टेकड्यांवर झाडोरा माजला. इथे घसरणीचा लाकडी मनोरा पाडून २०१० मध्ये पोलादी उभारला, कारण २०११ ची राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा यायची होती. माझ्या मते मात्र टेकडी टिकली ती शेजारच्या वीस आणि तीस मीटरच्या छोट्या टेकड्यांमुळे. पोरांना थेट के-६५ वर कोणी सोडत नाही. वीसवर सरळ उभं राहून उतरता आलं की तीस, मग मोठी. ही शिडी नसेल तर पोलादी मनोऱ्यावरून उडी मारायला माणूस कुठून आणणार?

बघायला जायचं तर फेब्रुवारीतला 'जंपफेस्ट', म्हणजे इथला दरवर्षीचा स्की जंपिंगचा उत्सव, गाठा. पायथ्याशी गर्दी करू नका. टेबलाच्या थोडं खाली, बाजूला उभे राहा. उसळी वेळेवर होती की उशिरा, ते तिथूनच कळतं. बुटांचे तळवे मात्र खडबडीत हवेत.