ओग राजा आणि आमची वही

आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थनेची वेळ मालगाडी ठरवते. माझे मिस्टर लोको पायलट आहेत. नागपूरच्या अजनीहून कधी बल्लारशाकडे, कधी इटारसीकडे. ड्युटीचा कॉल रात्री दोनला आला तर दोनला निघायचं, दुपारी एकला आला तर एकला. त्यामुळे आम्ही कधी पहाटे साडेपाचला, ते लाईन बॉक्स, म्हणजे ड्युटीवर न्यायची सामानाची पेटी, दाराशी ठेवून पाय धुवून आले की बसतो, तर कधी भर दुपारी, कूलरच्या आवाजावर आवाज चढवून. परवा रात्री साडेअकराला बसलो होतो. मुलं जागी होती, कारण सकाळी सातला गाठायची शाळाच नाही.

मुलांना घरी शिकवायचं ठरवलं त्याचं पहिलं कारण हेच. लेक शाळेत जायची तेव्हा एकदा सलग अकरा दिवस तिची आणि बाबांची गाठ पडली नव्हती. ती घरी यायची तेव्हा ते झोपलेले, ते उठायचे तेव्हा ती ट्यूशनला. एका घरात राहून चिठ्ठ्या लिहायची वेळ आली होती.

दुसरं कारण धाकटा. सात वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येत नव्हतं. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व त्याच्या डोळ्यांसमोर जागा बदलायचे. वर्गात त्याला उभं करून धडा वाचायला लावायचे आणि तो अडला की बाकीची मुलं हसायची. बाईंच्या वर्गात साठ मुलं होती, त्यांचीही ओढाताण मला कळते. मी स्वतः आठ वर्षं शिकवलं आहे. पण माझं लेकरू झोपेत दचकून रडायला लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या तेव्हा आमची दोन्ही मुलं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती.

नातेवाईकांनी विचारलं, चर्चमधल्या लोकांनीही विचारलं, की हे कायद्यात बसतं का, दहावीचं काय? शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, त्यात घरी शिकण्याबद्दल वेगळं असं काही लिहिलेलं नाही. आम्ही मुक्त विद्यालयाची वाट धरली आहे. एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे, तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा आहेत, आणि वयाची १४ पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. लेक आता बारा वर्षांची आहे. तिला घाई नाही, मलाही नाही. माझा पगार गेला, हे मात्र खरं. महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्याकडे आलू-वांग्याची भाजी जास्त वेळा होते.

आता मूळ गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी प्रार्थना संपताना मुलं एका दमात म्हणायची, "प्रभू, सगळ्यासाठी तुझे आभार, आमेन," आणि उठून पळायची. एका रात्री आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, धाकट्याचा हात धरला. त्या मिशन हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होत्या. "सगळं म्हंजे काय रे बाबू? मले वॉर्डात कोणी म्हणे, सिस्टर, सगळं दुखते, त मी विचारो, बोट ठेवून सांग. आभाराचंबी तसंच हाय. बोट ठेव." आणि त्यांनी स्तोत्र १३६ उघडलं.

हे स्तोत्र माहीत असलेल्यांना आठवेल, त्यात २६ ओवी आहेत आणि प्रत्येकीचा शेवट एकच: त्याची दया सनातन आहे. लहानपणी शब्बाथशाळेत मला ते कंटाळवाणं वाटायचं. आईंनी ते वाटून दिलं. ओवीचा पहिला भाग मोठ्यांनी वाचायचा, शेवट धाकट्याने. पहिल्या दिवशी त्याने पाठच म्हटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पाहिलं, तो प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवतोय. चार शब्द, त्यात एकच जोडाक्षर. सनातन, यात तर एक काना सोडला तर काहीच नाही, स, ना, त, न. एका पानावर तेच चार शब्द पुन्हा पुन्हा, त्याच जागी, तशाच अक्षरात. कोणी हसत नाही, कोणी थांबवत नाही. जे अक्षर इतर पुस्तकांत उड्या मारायचं ते इथे थांबून राहायला लागलं.

एका संध्याकाळी आई विसाव्या ओवीशी आल्या. तिथे बाशानच्या राजाचं नाव येतं. त्यांना खोकला आला म्हणून थांबल्या, आणि धाकटा मध्येच म्हणाला, "ओग."

मी बाराखडीच्या किती पट्ट्या बनवल्या होत्या, वाळूत बोटाने अक्षरं गिरवून घेतली होती, ज्वारीच्या पिठाची अक्षरं थापली होती. आणि माझ्या पोराने स्वतःहून वाचलेला पहिला नवा शब्द एका विस्मरणात गेलेल्या राजाचं नाव निघाला. आई खोकतच हसल्या. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरेना. पुढचे दोन महिने तो घरातल्या प्रत्येक गोष्टीत ओ आणि ग शोधत होता. ओटा, ओढणी, गवार, गव्हाची कोठी.

त्याच आठवड्यात आमची वही सुरू झाली. दोनशे पानी, लांब. रोज प्रत्येकाने एक ओळ लिहायची, नावानिशी, आणि शेवटी तेच चार शब्द. मोघम लिहिलेलं आई परत करतात. "जेवण" चालत नाही. कोणी दिलेलं, कशाची भाजी, ते लिहायचं. स्तोत्रकर्त्यानेसुद्धा नुसतं राजे म्हटलं नाही, सीहोन आणि ओग म्हटलं, हा त्यांचा मुद्दा.

आता या वहीने आमच्या अभ्यासाची दिशाच धरली आहे. बाबांनी सांगितलं की त्यांच्या कोळशाच्या रेकला ५९ वाघिणी असतात. एका वाघिणीला आठ चाकं. धाकट्याने तुरीचे दाणे मांडून ४७२ काढले, आणि रात्री ओळ लिहिली, बाबांच्या मागे न अडखळता आलेल्या ४७२ चाकांबद्दल. खालच्या काकूंनी तान्ह्या पोळ्याला त्यांच्या नातवाचा जुना लाकडी नंदी आमच्या पोरांना सजवायला दिला. आमच्यात सण नाही, पण काकूंनी पुढे केलेला हात आम्ही कसा मागे सारणार? त्या दिवशीच्या ओळीत काकूंचं नाव आहे आणि नंदीच्या तुटक्या कानाचाही उल्लेख आहे.

लेकीचं मन इतिहासात. नागपूरच्या मुलांना हिस्लॉप कॉलेज माहीत असतं, ते १८८३ मध्ये सुरू झालं. पण ज्यांच्या नावाने ते आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून इथे आले, आणि उपदेशासोबत त्यांनी नागपूरचे दगडही वाचले. टाकळीच्या परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म त्यांनी शोधले. गोंडांची गाणी आणि शब्द लिहून ठेवले. लेक आणि मी काटोल रोडने जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवतीची दगडांची रिंगणं, बघायला गेलो, तेव्हा मी तिला सांगितलं की अशीच वर्तुळं टाकळघाटला बघून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ ला, रात्रीच्या अंधारात भरलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. ती बराच वेळ एका दगडावर बसून राहिली. मग म्हणाली, "आई, बाबापण आत्ता पाण्यावरूनच जात असतील ना?"

पाऊस होता. बाबा इटारसीच्या वाटेवर होते. तिला काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी तिथेच तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी सुखरूप आले. चहा घेता घेता लेकीने तेच विचारलं, तेव्हा त्यांनी पेट्रोलमनबद्दल सांगितलं. पावसाळ्यात रात्रभर माणसं रुळांवरून पायी गस्त घालतात. माती घसरली का, दगड आला का, पुलाखालचं पाणी किती चढलं ते बघत. धाराखोह ते मरामझिरीच्या घाटात, जिथे चढावर मालगाडीला मागून जादा इंजिन लावून रेटावं लागतं, तिथेही. "आम्ही केबिनमध्ये तरी कोरडे असतो," ते म्हणाले. "तो माणूस रेनकोट घालून बाजूला उभा राहतो, हिरवा दाखवतो, आणि मी पुढे जातो. काल पण होता."

धाकट्याने लगेच वही ओढली. "नाव काय त्याचं?"

"माहीत नाही रे. गाडी चालू असते. चेहरासुद्धा नीट दिसत नाही."

"मग ओळ कशी लिहू? आजी परत करेल."

आई काही बोलल्या नाहीत. मिस्टर कपाकडे बघत राहिले. अठरा वर्षं या लाईनवर गाडी चालवून आपण एकाचंही नाव विचारलं नाही, असं ते मला नंतर, झोपायच्या आधी म्हणाले. पुढच्या खेपेला रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, कोणाला तरी विचारतो, गस्तीच्या त्या बीटवर रात्री कोण असतं ते.

धाकट्याने ओळ लिहून ठेवली आहे. जोडाक्षरं अजून मोडतात, घाटातला "घ" मात्र बरोबर आला आहे. "घाटात हिरवा दिवा दाखवणारे" इतकं लिहून पुढे त्याने चार बोटं मोजून जागा मोकळी सोडली, मग "काका", आणि शेवटी, एकही चूक न करता, ते चार शब्द.

आज संध्याकाळी साडेसहाला यांना पुन्हा कॉल आला, इटारसीकडचाच. डबा भरताना मी पाहिलं, त्याने बाबांच्या लाईन बॉक्समध्ये पेन्सिल आणि एक चिठ्ठी ठेवली आहे. चिठ्ठीवर एकच शब्द आहे, "नाव", आणि पुढे टिंबांची रेघ.