तेरावे पान, सातवी ओळ

माझी लेक कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते आणि तिचे सासर चिनी वंशाचे आहे. गेल्या वर्षीच्या मुक्कामात विहीणबाईंनी मला त्यांच्या आजोबांच्या थडग्याचा फोटो दाखवला. दगडावर इंग्रजीत एक आडनाव होते आणि चिनी लिपीत दुसरेच. सांगलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एकतीस वर्षे काढलेल्या माणसापुढे एकाच व्यक्तीची दोन नावे आली की त्याला राहवत नाही. "घरात असतील तेवढे कागद काढा, मी बघतो," असे मी बोलून गेलो आणि पुढचे चार महिने त्यातच गेले.

दोन आडनावांचे कारण विहीणबाईंना ठाऊक होते, पण त्यांच्या घरात ते कोणी मोठ्याने बोलत नसे. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी तेवढे त्यातून सुटले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला चिनी मुलगा नागरिकच, असा निकाल १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळून गेल्या. मग 'मी इथलाच' म्हणणाऱ्याला खोडून काढणारा कागदच उरला नाही. असा नागरिक गावी राहून परत आला की तिकडे मुलगा झाल्याचे नोंदवून ठेवी, आणि त्या न जन्मलेल्या मुलाची जागा पुढे परक्या घरचा पोरगा पैसे मोजून घेई. अशांना 'कागदी मुलगे' म्हणत. हे आजोबा त्यांतलेच.

हे सगळे ऐकूनही पहिले तीन आठवडे मी थडग्यावरचे चिनी आडनाव धरून प्रवासी याद्या शोधत बसलो, ही चूक सर्वस्वी माझी. खरे नाव यादीत कसे असेल? ते लपवण्यासाठीच तर सारा खटाटोप होता. वाट सापडली ती बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या ओळखपत्रामुळे. प्रवेश मिळालेल्या चिनी माणसाला १९०९ पासून सरकार असे छायाचित्र लावलेले पत्र देत असे. आजोबांच्या पत्रावर जहाजाचे नाव 'नानकिंग' आणि १९२२ मधली एक तारीख टंकलेली होती. ही नौका चायना मेल कंपनीची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी व्यापाऱ्यांनीच १९१५ मध्ये उभ्या केलेल्या कंपनीची; ती कंपनी १९२३ मध्ये बुडाली.

जहाज आणि तारीख हाती आल्यावर मी नावाने शोधणे सोडून दिले. प्रवासी याद्यांच्या जुन्या सूक्ष्मपटांवरून (मायक्रोफिल्मवरून) केलेल्या चित्रप्रती संगणकावर पाहता येतात, पण त्यांच्या नामसूचीवर विसंबण्यात अर्थ नाही. चिनी नावात आडनाव आधी येते हे अनेक कारकुनांच्या ध्यानात नसे, आणि हाक मारताना नावाआधी लावला जाणारा 'आ' तर कित्येकांचे आडनाव होऊन बसला आहे. म्हणून मी त्या जहाजाची यादी पहिल्या पानापासून वाचत गेलो. तेराव्या पानावर सातव्या ओळीत आजोबा भेटले: विद्यार्थी, वय अठरा, नागरिकाचा मुलगा. ओळखपत्रावर मात्र वय सतरा होते. चिनी रीतीने मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात आणि नव्या वर्षाला सगळ्यांचे वय एकाने वाढते, हे कळल्यावर तो पेच सुटला.

त्या ओळीच्या समासात कोणीतरी हाताने एक आकडा लिहिला होता: पाच अंक, मग तिरपी रेघ, मग १३-७. मी तो दोन दिवस बघत राहिलो आणि मग एकदम उमगले. पहिले अंक त्या जहाजाच्या त्या फेरीचे, पुढे यादीचे पान आणि ओळ. आजोबांच्या प्रवेशाच्या प्रकरणाचा क्रमांक असा यादीतूनच जन्माला आला होता. आमच्याकडे दस्त क्रमांकाची व्यवस्था इतकी नीट असती, तर माझी निम्मी नोकरी सुखात गेली असती.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सॅन ब्रुनो येथील शाखेला तो क्रमांक कळवून आधी वेळ ठरवून घ्यावी लागली. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. धारिकेत पोरसवदा चेहऱ्याचे छायाचित्र होते आणि त्यामागे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजेल बेटावरच्या स्थलांतर स्थानकात झालेल्या चौकशीची टंकलिखित पाने. हे स्थानक १९१० ते १९४० पर्यंत चालले. दुभाष्यामार्फत विचारलेले प्रश्न असे: घरांच्या तुमच्या रांगेत घरे किती, तिसऱ्या घरात कोण राहते, तांदळाची कणगी कुठल्या खोलीत, विहीर घरापासून किती पावलांवर. तेच प्रश्न 'वडिलांना' आणि आधीच आलेल्या 'भावाला' वेगवेगळे विचारले होते. मुलगा म्हणतो कणगी स्वयंपाकघरात, भाऊ म्हणतो आईच्या खोलीत, आणि तेवढ्यावरून दुसऱ्या दिवशी तिघांना पुन्हा बोलावले आहे. उत्तरे पाठ करायला चोपड्या मिळत, आणि त्या बंदरात शिरण्याआधी समुद्रात फेकून देत.

चौकशीतल्या तारखा चीनच्या क्वाँग सुई बादशहाच्या राज्यवर्षांत होत्या. शकात ७८ मिळवण्याची सवय असलेल्याला हे जड नाही. इथे १८७४ मिळवायचे. क्वाँग सुई ३१ म्हणजे १९०५.

सगळ्या पानांचे फोटो काढून मी विहीणबाईंपुढे ठेवले. त्यांनी प्रश्न भराभर चाळले, पण 'भावाच्या' छायाचित्रावर थांबल्या आणि चष्मा काढून पुन्हा लावला. "हे तर आमचे स्टॉकटनचे आजोबा! नवीन वर्षाला संत्र्यांची पेटी घेऊन यायचे," त्या म्हणाल्या, "ते आमचे कोण लागतात, हे विचारले की आई विषय बदलायची."